भारतातील क्रीडा वृत्तछायाचित्रण व माध्यमप्रवेश

क्रीडास्पर्धेच्या ठिकाणी वृत्तपत्रे, वृत्तसंस्था व छायाचित्रसंस्था यांच्या छायाचित्रकारांना मिळणारा प्रवेश आणि तेथे काढलेल्या छायाचित्रांच्या वापरावर आयोजकांकडून घातल्या जाणाऱ्या अटी यांचा समावेश 'क्रीडा वृत्तछायाचित्रण व माध्यमप्रवेश' या विषयात होतो. भारतात हा प्रश्न प्रामुख्याने क्रिकेटच्या संदर्भात पुढे आला. २०१२ मध्ये इंग्लंड संघाच्या भारत दौऱ्यात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने काही छायाचित्रसंस्थांना मैदानात प्रवेश नाकारला व त्याच्या निषेधार्थ प्रमुख आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी मालिकेचे वार्तांकन थांबवले, हा त्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग होय.

या विषयात एक गैरसमज वारंवार आढळतो. सामन्याची छायाचित्रे ही आयोजकांची मालमत्ता असते, असे अनेकांना वाटते. कायद्याने तसे नाही. आयोजकांच्या हाती असते ते मैदानाचे फाटक. छायाचित्रांवरील त्यांचे बहुतेक सर्व नियंत्रण त्या फाटकातून आत सोडताना घातलेल्या अटींमधून निर्माण होते.

कायदेशीर पाया

खेळाच्या दृश्यावर कोणाची मालकी असू शकते का, हा प्रश्न इंग्लंडमधील न्यायालयांपुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच आला होता आणि तोही एका श्वानप्रदर्शनाच्या निमित्ताने. प्रदर्शनाच्या आयोजकांनी छायाचित्रे काढण्याचा एकमेव हक्क 'स्पोर्ट्स अँड जनरल प्रेस एजन्सी' या संस्थेला विकला होता. एका स्वतंत्र छायाचित्रकाराने तेथे काढलेली छायाचित्रे 'अवर डॉग्ज' या नियतकालिकाच्या प्रकाशकांनी छापली, तेव्हा संस्थेने दावा लावला. १९१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आणि १९१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. छायाचित्र काढण्याचा हक्क ही विकता येण्याजोगी मालमत्ता नाही. आयोजकांना छायाचित्रण रोखायचे असेल तर त्यांनी तशी अट प्रवेशाच्या वेळीच घालायला हवी होती, असा त्या निकालाचा आशय होता. आजच्या अधिस्वीकृतीपत्रांच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या अटींचे मूळ एका अर्थी येथे सापडते.

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये 'व्हिक्टोरिया पार्क रेसिंग' खटल्यात हेच तत्त्व पुढे नेले. सिडनीतील एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानालगत राहणाऱ्या गृहस्थांनी आपल्या जागेत मचाण उभारू दिले होते व त्यावरून शर्यतींचे वर्णन रेडिओवर प्रसारित होत असे. न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, दृश्यावर मालकी नसते; मैदानाच्या मालकाला हवे असेल तर त्याने कुंपण उंच करावे.

भारतीय न्यायालयांनीही साधारणपणे हीच दिशा धरली. 'आयसीसी डेव्हलपमेंट विरुद्ध आर्वी एंटरप्रायझेस' (२००३) या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीचा असतो, स्पर्धेसारख्या निर्जीव गोष्टीचा नव्हे, असे म्हटले. खेळाडूच्या छायाचित्राचा जाहिरातीसाठी वापर आणि बातमीसाठी वापर यांत त्यामुळे मोठा फरक पडतो. जाहिरातीसाठी खेळाडूची संमती लागते. बातमीसाठी ती लागत नाही.

छायाचित्राचा प्रताधिकार

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा 'कर्ता' म्हणजे ते काढणारी व्यक्ती. कलम १७ मध्ये याला काही अपवाद आहेत. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या छायाचित्रकाराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्रीय प्रकाशनापुरता मालकाकडे जातो. अन्य बाबतींत तो छायाचित्रकाराकडेच राहतो. मोबदला देऊन एखाद्याने छायाचित्र काढवून घेतले असेल तर प्रताधिकार सामान्यतः त्या काढवून घेणाऱ्याचा. नोकरीत नसलेला आणि कोणाच्या सांगण्यावरून काम न करणारा मुक्त छायाचित्रकार आपल्या छायाचित्रांचा स्वतः मालक असतो. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत या तरतुदीची माहिती बरीच कमी आढळते आणि तिचा तोटा छायाचित्रकारालाच होतो.

पूर्वी छायाचित्रांना प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण होते. २०१२ च्या दुरुस्तीने हे वेगळे कलम वगळण्यात आले व छायाचित्रांनाही कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा इतर कलाकृतींचा नियम लागू झाला.

म्हणजे सामन्याचा आयोजक या चित्रात कोठेच येत नाही. त्याने छायाचित्रकार नेमला असेल तरच तो प्रताधिकाराचा मालक होतो. एरवी त्याला जे काही मिळवायचे ते करारानेच मिळवावे लागते, आणि अधिस्वीकृतीचा अर्ज हा असा करार असतो.

अधिस्वीकृतीची पद्धत

सामन्यासाठी अधिस्वीकृती कोण देणार हे स्पर्धेवर अवलंबून असते. एकाच वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना असेल तर निर्णय आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडे, कसोटी मालिका असेल तर भारतीय मंडळाकडे आणि स्थानिक स्पर्धा असेल तर मुंबई क्रिकेट संघटनेकडे असतो. छायाचित्रकाराला बातमीदारापेक्षा वेगळे ओळखपत्र व क्रमांक असलेले जॅकेट मिळते. जॅकेट असलेल्यालाच सीमारेषेबाहेर, जाहिरातफलकांच्या मागे ठरवून दिलेल्या जागी बसता येते. जागा मोजक्याच असतात आणि दृष्टिपटाच्या रेषेत कोणालाही बसू दिले जात नाही. फ्लॅश वापरण्यास मनाई असते. क्रिकेटचे मैदान मोठे असल्याने ४०० किंवा ६०० मिलिमीटरच्या भिंगाशिवाय काम भागत नाही. प्रेक्षकांना अशी भिंगे सहसा आत नेऊ दिली जात नाहीत. त्यामुळे सीमारेषेवरील जागा नाकारणे म्हणजे व्यवहारात छायाचित्रणच नाकारणे ठरते. बातमीदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याला प्रवेश नाकारला तरी तो दूरचित्रवाणीसमोर बसून काहीतरी लिहू शकतो.

ऑलिंपिकमध्ये ही व्यवस्था अधिक काटेकोर आहे. तेथे छायाचित्रकारांसाठी 'ईपी' नावाचा स्वतंत्र अधिस्वीकृती वर्ग असतो व काही जागांवर केवळ मोठ्या छायाचित्रसंस्थांच्या सामायिक गटाला प्रवेश मिळतो. या गटाची छायाचित्रे मग इतरांना उपलब्ध होतात.

अधिस्वीकृतीच्या अटींपैकी काही निर्विवाद आहेत, उदाहरणार्थ खेळात अडथळा न आणणे किंवा खेळपट्टीजवळ न जाणे. वादाच्या अटी वेगळ्या असतात: छायाचित्रे केवळ संपादकीय उपयोगासाठीच वापरणे, ती तिसऱ्या पक्षाला न विकणे, संकेतस्थळावर ठराविक संख्येपेक्षा अधिक न टाकणे, आणि काही वेळा आयोजकांना त्या छायाचित्रांचा विनामूल्य वापर करू देणे. यांपैकी पहिली अट बहुतेक वृत्तसंस्था मान्य करतात. शेवटची अट मात्र त्यांना छायाचित्रकाराच्या प्रताधिकारावरचा हात वाटते.

२००७ व २००८ मधील वाद

इंटरनेटवर छायाचित्रे काही मिनिटांत पोहोचू लागली आणि दूरचित्रवाणी हक्कांच्या किमती वाढल्या, तशी आयोजकांना स्थिर छायाचित्रांचीही धास्ती वाटू लागली. एकामागून एक पटापट टाकलेली छायाचित्रे हा एक प्रकारचा चलच्चित्रपटच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००७ मध्ये फ्रान्समधील रग्बी विश्वचषकाच्या आरंभी संकेतस्थळांवरील छायाचित्रांच्या संख्येवरून वृत्तसंस्थांनी बहिष्काराचे पाऊल उचलले व ऐन उद्घाटनाच्या सुमारास तडजोड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेन येथील ऑस्ट्रेलिया–श्रीलंका कसोटीच्या वेळी रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस व एजन्स फ्रान्स-प्रेस यांनी क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या अटी नाकारल्या.

एप्रिल २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सुरू होताना भारतातही असाच पेच उभा राहिला. लीगच्या अटींत छायाचित्रांच्या वापरावर व संकेतस्थळांना ती पुरवण्यावर बंधने होती, तर क्रिकेटला वाहिलेल्या संकेतस्थळांना अधिस्वीकृतीच नाकारण्यात आली होती. अशी संकेतस्थळे लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळाची स्पर्धक मानली गेली, हे त्यामागचे कारण होते. बातमी देणारा आणि बाजारातला प्रतिस्पर्धी यांतली रेषा येथे पहिल्यांदा आयोजकाने आखली. २०१२ मध्ये हीच रेषा छायाचित्रसंस्थांच्या बाबतीत ओढली गेली.

२०१२ चा इंग्लंड दौरा

नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ चार कसोटी सामन्यांसाठी भारतात आला. मालिकेपूर्वीच मंडळाने गेटी इमेजेस व ॲक्शन इमेजेस यांसारख्या छायाचित्रसंस्थांना अधिस्वीकृती देणार नसल्याचे कळवले. या संस्था वृत्तसंस्था नसून छायाचित्रांची विक्री करणाऱ्या व्यापारी संस्था आहेत, अशी मंडळाची भूमिका होती. संपादकीय वापरासाठी आपली छायाचित्रे आपण स्वतः विनामूल्य पुरवू, असेही मंडळाने सांगितले. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस व एजन्स फ्रान्स-प्रेस यांना बंदी नव्हती. तरीही छायाचित्रसंस्थांना वगळण्याच्या निषेधार्थ त्यांनी मालिकेतील छायाचित्रेच नव्हे, तर मजकुराचे वार्तांकनही स्थगित केले. वृत्तमाध्यमांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या लंडनस्थित 'न्यूज मीडिया कोअलिशन' या संघटनेनेही मंडळाच्या निर्णयाला विरोध केला.

याच दौऱ्यात ध्वनिचित्र माध्यमांशीही मंडळाचा वाद झाला. इंग्लंडमधील प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या स्काय स्पोर्ट्सकडे मैदानातील समालोचन कक्षासाठी वेगळे शुल्क मागण्यात आले. परिणामी स्कायच्या समालोचकांनी लंडनमधील स्टुडिओत बसून, पडद्यावर सामना पाहत समालोचन केले. बीबीसीच्या रेडिओ चमूने मात्र वाटाघाटी करून मैदानातून प्रक्षेपण केले.

१५ नोव्हेंबरला अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर पहिली कसोटी सुरू झाली. भारताने ती नऊ गडी राखून जिंकली. त्यानंतरचा भाग इंग्लंडच्या दृष्टीने ऐतिहासिक ठरला. मुंबईत वानखेडेवर ॲलिस्टर कूक (१२२) व केव्हिन पीटरसन (१८६) यांनी शतके केली, माँटी पानेसरने सामन्यात ११ बळी घेतले आणि इंग्लंड दहा गडी राखून विजयी झाले. कोलकात्यात कूकने १९० धावा करताना आपले तेविसावे कसोटी शतक पूर्ण केले. तोवर इंग्लंडच्या कोणत्याही फलंदाजाने इतकी शतके केलेली नव्हती. नागपूरजवळच्या जामठा येथील चौथी कसोटी अनिर्णित राहिली. तीत महेंद्रसिंह धोनी ९९ धावांवर कूकच्या थेट फेकीने धावबाद झाला. इंग्लंडने मालिका २–१ अशी जिंकली. १९८४–८५ नंतर भारतात इंग्लंडचा हा पहिलाच कसोटी मालिकाविजय होता.

२८ वर्षांनी आलेल्या या विजयाची छायाचित्रे अनेक ब्रिटिश वृत्तपत्रांनी आपल्या नेहमीच्या संस्थांकडून मिळू न शकल्याने छापली नाहीत. मंडळाने पुरवलेली छायाचित्रे घेण्याऐवजी त्यांनी जुन्या दौऱ्यांची छायाचित्रे वापरली व वादामुळे ताजे छायाचित्र नसल्याचा खुलासा वाचकांना दिला. भारतीय वाचकाला हा वाद फारसा जाणवला नाही, कारण देशातील वृत्तपत्रांचे स्वतःचे छायाचित्रकार व भारतीय वृत्तसंस्था मैदानात होत्या.

अशा बहिष्काराला ब्रिटनमध्ये पूर्वपीठिका होती. ऑगस्ट २०१० मध्ये साउथॅम्प्टन या फुटबॉल क्लबने आपल्या मैदानावर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना बंदी घालून छायाचित्रांचा पुरवठा आपल्या हाती घेतला. तेव्हा प्लिमथच्या 'द हेरल्ड' या दैनिकाने सामन्यातील प्रसंग व्यंगचित्रकाराकडून रेखाटून घेऊन छापले आणि 'द सन'ने बातमीत साउथॅम्प्टनचे नावच घेतले नाही. ब्रिटिश संपादकांना या अनुभवाचा विसर पडलेला नव्हता.

२०१३ च्या आरंभी ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

मंडळाची बाजू सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. छायाचित्रसंस्थांच्या संग्रहातील छायाचित्रे बातमीबरोबरच पुस्तके, दिनदर्शिका व जाहिराती यांसाठीही विकली जातात आणि त्या उत्पन्नात मैदान, सुरक्षा व खेळाडू यांवर खर्च करणाऱ्या आयोजकाला वाटा मिळत नाही. परंतु या तक्रारीवर संपादकीय वापराची अट पुरेशी होती आणि तशी अट वृत्तसंस्था पूर्वीपासून पाळत होत्या. संपूर्ण संस्थेलाच बाहेर ठेवणे हा त्याहून फार मोठा उपाय होता.

छायाचित्रसंस्था व वृत्तसंस्था यांतील भेदही व्यवहारात टिकत नाही. परदेशातील मध्यम व लहान वृत्तपत्रांना भारतात छायाचित्रकार पाठवणे परवडत नाही. ती अशाच संस्थांवर अवलंबून असतात. संस्थेला वगळले की तिची सारी ग्राहक वृत्तपत्रे आपोआप वगळली जातात.

खरा आक्षेप आयोजकाने पुरवलेल्या छायाचित्रांवर आहे. मंडळाने नेमलेला छायाचित्रकार कितीही कुशल असला तरी कोणते छायाचित्र बाहेर जाणार हे त्याचा मालक ठरवतो. शतकवीराने उंचावलेली बॅट अशा संचात नक्की असते. रिकामे स्टँड, खराब खेळपट्टी किंवा पंचांशी झालेली हुज्जत असेलच याची खात्री नसते. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरील विश्वचषक उपांत्य सामन्यात प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या व सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. रडत मैदानाबाहेर जाणाऱ्या विनोद कांबळीचे दृश्य त्या दिवसाची ओळख बनले. यजमानांना अडचणीचा असा दिवस त्यांच्याच छायाचित्रकाराच्या नजरेतून कसा दिसला असता, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ प्रेक्षकांचा बळी गेला. मैदानावर काढलेली छायाचित्रे तेथील पुढच्या चौकशांत पुरावा म्हणून उपयोगी पडली.

करोना साथीमुळे २०२० चा आयपीएल हंगाम संयुक्त अरब अमिरातीत झाला, तेव्हा माध्यमांना सामन्यांना प्रवेश नव्हता व छायाचित्रांसाठी मंडळावरच अवलंबून राहावे लागले. कारण आरोग्याचे होते आणि त्यास फारसा विरोध झाला नाही. मात्र त्या हंगामाची मैदानातील दृश्यनोंद जवळजवळ पूर्णपणे अधिकृत स्वरूपाचीच राहिली.

मंडळाचे सार्वजनिक स्वरूप

एखाद्या खासगी क्लबने फाटक बंद केले तर प्रश्न मालमत्तेचा राहतो. भारतीय क्रिकेट मंडळाबाबत तो तेवढाच नाही. 'झी टेलिफिल्म्स विरुद्ध भारत सरकार' (२००५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मंडळ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' नाही असे ठरवले. मात्र मंडळाविरुद्ध अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात दाद मागता येईल, असेही स्पष्ट केले. जानेवारी २०१५ मध्ये बिहार क्रिकेट संघटनेच्या खटल्यात मंडळ सार्वजनिक कार्य पार पाडते, हे न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले. संघ देशाच्या नावाने खेळतो आणि त्याची निवड मंडळाच्या एकाधिकारात होते, हे त्यामागचे कारण. अधिस्वीकृती मनमानी पद्धतीने नाकारली तर या मार्गाने ती तपासता येऊ शकते.

माहिती मिळवण्याच्या नागरिकांच्या हक्काचा धागा याहून जुना आहे. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना व दूरदर्शन यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन व बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने त्यावर निकाल दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे त्यात म्हटले होते. माहिती देण्याचा व मिळवण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये अंतर्भूत असल्याचेही न्यायालयाने सांगितले. यातील न्यायमूर्ती सावंत पुढे भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष झाले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीशी वाटून घेणे बंधनकारक झाले. परंतु हा कायदा दूरचित्रवाणी व रेडिओपुरता आहे. स्थिर छायाचित्रांसाठी अशी कोणतीही तरतूद नाही.

सामन्याच्या माहितीवरील हक्काचा वाद वेगळ्या वाटेने गेला. स्टार इंडियाने मोबाइलवर धावसंख्या पाठवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावे केले, तेव्हा ऑगस्ट २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने धावसंख्येसारख्या वस्तुस्थितीवर कोणाचीही अनन्य मालकी असू शकत नाही, असा निर्णय दिला. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कलाकृतीचा उचित वापर करण्याची मुभा आहे. मात्र ही मुभा आधीच अस्तित्वात असलेल्या छायाचित्राच्या वापराची आहे. ते काढण्यासाठी मैदानात जाण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

फाटकाबाहेरचे छायाचित्रण

जेथे फाटक नाही तेथे हा सारा प्रश्न उरत नाही. मुंबईतील शिवाजी पार्क व आझाद मैदान यांसारख्या खुल्या मैदानांवर चालणारे सामने, गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचे फड किंवा रस्त्यावरील मॅरेथॉन यांची छायाचित्रे काढण्यास सहसा कोणाची अधिस्वीकृती लागत नाही व त्यांवर प्रताधिकार छायाचित्रकाराचाच असतो.

बंदिस्त मैदानातील प्रेक्षक तिकिटाच्या अटींनी बांधलेला असतो. स्वतःसाठी मोबाइलवर छायाचित्र काढण्यास आडकाठी नसते. त्याचा व्यावसायिक वापर मात्र तिकिटावरील अटींनी निषिद्ध केलेला असतो. अटीचा भंग झाल्यास आयोजक करारभंगाचा दावा करू शकतो किंवा प्रेक्षकाला बाहेर काढू शकतो. छायाचित्राचा प्रताधिकार तेवढ्याने त्याच्याकडे जात नाही.

४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना सार्वजनिक रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडे घडली; तेथील छायाचित्रे काढण्यासाठी वृत्तपत्रांना कोणाच्याही जॅकेटची गरज नव्हती.